धवल्यामागून धावणारी गिटार

आत्या,

उद्या आळीतल्या हेमाची हळद आहे. तिच्या हळदीत गायची सुपारी तू स्वतः घेतलेलीस. हेमाचा बाप पान-सुपारी घेऊन ओटीवर आला तेव्हा तुला खोकल्याने बोलवत नव्हतं, तरी हात पुढे केलास. आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आता तू नाहीस, आणि सुपारी घेऊन झालेली आहे. लग्न पुढे ढकलायचं नाही, हेही तूच ठाण्याच्या दवाखान्यातून सांगून ठेवलंस. तेव्हा उद्या संध्याकाळी मांडवात तुझी सून रंजना आणि तिच्या बरोबरीच्या मुली हळदीचं गाणं, धवला, गाणार, आणि त्यांच्या मागे गिटार घेऊन मी बसणार. सकाळी चहासुद्धा अर्धा टाकला. तू असतीस तर लांबूनच ओळखलं असतंस आणि ओरडली असतीस, "काय रं दिन्या, झाला काय ओला बोंबील?"

झालोय. कशामुळे झालोय ते तुलाच सांगता येईल, बाकी कुणाला सांगितलं तर हसतील. गाणं उद्या वर जाईल की नाही, याची मला धास्ती वाटते आहे.

तू गेल्यापासून गावात जो तो तुझ्याबद्दल बोलतो. कोलशेतमधलं एकही लग्न तुझ्या आवाजावाचून लागलं नाही, भटजींच्या आधी तुझा मान असायचा, हे सगळं मला पाठ झालंय. ते खरं आहे, पण मला त्यातलं काही बोलायचं नाही. मला आपल्या भांडणाबद्दल बोलायचंय. ते अर्ध्यात राहिलंय आणि त्याची दुसरी बाजू आता गप्प आहे.

गिटार घरात आली तो दिवस तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल, कारण ती गोष्ट तू प्रत्येक पाहुण्याला तिखटमीठ लावून सांगायचीस. मी नुकताच खाडीजवळच्या कंपनीत लागलो होतो. नवरात्रात कल्याणला एक ऑर्केस्ट्रा ऐकला आणि त्यातल्या लाल गिटारवाल्याने माझं डोकं फिरवलं. मला ना सा कळत होता ना रे, पण तो आवाज पाठ सोडेना. महिनाभर डोंबिवलीच्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या मागे लागलो आणि एकाने आपली जुनी, लाल रंग उडालेली इलेक्ट्रिक गिटार मला दिली. आईने ती बघून कपाळाला हात लावला. तू बाजारातून परत येत होतीस, डोक्यावर रिकामी टोपली. उंबऱ्यातच थांबलीस.

"यातून करंट येतो नं रं?"

"येतो, पण थोडा," मी म्हणालो.

तो "थोडा" मला फार महागात पडला. त्यानंतर कित्येक महिने तू घरात यायच्या आधी उंबऱ्यातून हाक मारायचीस, आणि गिटारची वायर भिंतीतून काढून मी हातात उंच धरून दाखवल्याशिवाय पाऊल आत टाकायची नाहीस. मी हसायचो खरा, पण तुझं काही चूक नव्हतं. आपल्या त्या घराला अर्थिंगचा पत्ता नव्हता, भिंती खाडीच्या ओलीने कायम दमट. तारेला बोट लावलं की कोपरापर्यंत मुंग्या यायच्या. पूजेला आणलेल्या लाउडस्पीकरच्या जुन्या मशीनला मी ती जोडली होती, आणि ते मशीन सुरू करताना दरवेळी मनात देवाचं नाव घ्यायचो. कुणीतरी सांगितलं म्हणून घरात रबरी चपला घालून वाजवायला लागलो. आता शॉकने मेलो नाही तर आईच्या हातून मरणार, अशी परिस्थिती झाली. घरात, देवाच्या समोर, चपला!

आणि बोटं. डाव्या हाताच्या बोटांची टोकं अशी सोलवटून निघाली की कंपनीत स्क्रू पकडता येईना. तार दाबली तरी आवाज खट्ट येऊन मरायचा. बोटांच्या एका पकडीवरून दुसऱ्या पकडीवर हात न्यायला मला इतका वेळ लागायचा की गाणाऱ्याने मधल्या वेळात चहा पिऊन यावं. आपल्याला हे जमणार नाही, लोक हसतील, कंपनीतला माणूस असून पोरखेळ करतोय म्हणतील, हेच डोक्यात. तेव्हा तू माझा हात ओढून बोटं बघितलीस. वायर हातात धरलेली होती, हे आधी तपासलंस.

"कोलंबी सोलाया शिकताना असंच होतं," म्हणालीस. "तिचा काटा रोज त्याच बोटान. पहिली बोटं रडतात. मंग गप बसतात. तू रड, पन सोलत रा."

हळद आणि खोबरेल लावून दिलंस. माझे पहिले गुरू डोंबिवलीचे सर, असं मी सगळ्यांना सांगतो. पण दुसऱ्या दिवशी गिटार पुन्हा हातात घेतली ती तुझ्यामुळे.

सरांकडे मी दर रविवारी जायचो. मानपाडा रस्त्यावर त्यांची एक खोली होती. चांगला माणूस, शिकवायचेही जीव तोडून. त्यांचं एक वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं, "हे बघा, वाद्य एकदा लावलं की लावलं. ते हलत नाही. गाणारा हलला तर तो बेसूर." गिटारच्या दांड्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, फ्रेट म्हणतात त्यांना. तार त्या पट्टीवर दाबायची, की ठरलेला सूर येतो. माझ्यासारख्या घाबरट माणसाला ते फार आवडलं. एक तरी गोष्ट अशी होती की जी आज एक आणि उद्या दुसरी होणार नव्हती.

मग तू आलीस मधे.

त्या दुपारी तू आमच्या परसात बोंबील वाळत घालत होतीस आणि कुठल्यातरी लग्नाचा धवला गुणगुणत होतीस. मी आत बसून हळूच तार पिळत पिळत तुझा सूर शोधला. सापडला! माझ्या गिटारचा आणि माणसाच्या गळ्याचा सूर जुळला तो आयुष्यात पहिल्यांदा. मी आनंदाने ती एकच पकड छेडत बसलो. दोन कडवी छान गेली. तिसऱ्याला काहीतरी खुपायला लागलं, चौथ्याला तर दात आंबले. वाटलं, तार सैल झाली. पुन्हा पिळून तुझ्यापर्यंत आणली. पुढच्या कडव्याला पुन्हा तेच. पुन्हा पिळली. असं करता करता सगळ्यात बारीक तार फाटकन तुटली आणि गालावर बसली. तू मागच्या दारातून धावत आलीस.

"लागला काय करंट?"

मला वाटलं गिटारच खराब आहे, आपण फसलो. रविवारी सरांपुढे रडगाणं गायलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गिटार तपासली आणि विचारलं, "सूर सोडतंय कोण? गिटार की बाई?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू चढायचीस, आत्या. कडव्यागणिक जरा जरा. कुणाच्या लक्षात येणार नाही अशी, भरती येते तशी. गाणं संपेपर्यंत तू जिथून निघालीस तिथून पार वर पोचलेली असायचीस. गावातल्या सगळ्या बायका तुझ्याबरोबर गायच्या, त्या तुझ्याबरोबरच चढायच्या, म्हणून कुणाला काही कळलं नव्हतं. पेटी नाही, तंबोरा नाही, कोण सांगणार?

मी सांगितलं. फार मोठा शोध लावल्यासारखं तुला ओटीवर बसवलं, वायर लावायची परवानगी काढली आणि दाखवलं. "हे बघ, इथून निघालीस. आणि हे, इथं संपवलंस. म्हणजे सूर सुटतो तुझा."

तुला राग येईल म्हणून जीव मुठीत धरून बसलो होतो. तू गिटारकडे बघितलंस, मग माझ्याकडे.

"मंग ही नाय जात वर?"

"नाही. हिला जागेवर राहावंच लागतं."

"बिचारी," तू म्हणालीस. "दाव्याला बांधलीय."

"आत्या, अगं ती बरोबर आहे. तू चुकतेस."

"हलद काय पायांशीच ठेवतात काय रं?" आता तुझा आवाज चढला होता. "पायांवरून सुरू करतो, मंग गुडघे, मंग खांदे, मंग कपाल. पोरगी वर जाते, हलद वर जाते. गानं खालीच बसून रायलं तं तिला वर कोन नेईल? तुजी लाल बाय?"

पुढच्या रविवारी सरांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "लोकगीतात चालतं हो तसं." त्यांनी ते समजुतीनेच म्हटलं होतं, तरी मला त्यांचा राग आला. तुला मी चुकतेस म्हणालो तर चालत होतं, दुसऱ्या कुणी म्हणालेलं चालत नव्हतं. आणि मनातून मला अजूनही सरांचंच पटत होतं.

हे असंच चाललं असतं, पण नंदाचं लग्न ठरलं. माझी धाकटी बहीण, तुझी लाडकी भाची. तिने साखरपुड्यातच जाहीर करून टाकलं, "आत्या धवला बोलंल आन दादा वाजवंल." माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी तेव्हा जेमतेम वर्षभराचा वाजवणारा. धड तीन पकडी येत होत्या. आणि धवला एकदा सुरू झाला की अर्ध्यात तुटता कामा नये, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. हळदीवर तुटलेला धवला पोरीला लागतो, असं तू म्हणायचीस, आणि तू म्हणायचीस म्हणून सगळे मानायचे. मी कंपनीत मीटर बघणारा माणूस, मीही मानायचो. माझा एक चुकीचा सूर, तुझी ओळ विस्कटली, गाणं थांबलं, आणि नंदाच्या संसारात काही बरं-वाईट झालं तर? मी नंदाला म्हणालो, कॅसेट लाव, बँजोवाल्यांना बोलाव, मला सोड. ती रडायला लागली. तू म्हणालीस, "यो वाजवंल. भितो तसा वाजवतो पन."

मग रोज संध्याकाळी तुझ्या ओटीवर आपली तालीम. तालीम कसली, पाठलाग. तू गायचीस आणि मी तुझ्यामागून धावायचो. तू सुरुवातसुद्धा कधी एका जागेवरून केली नाहीस. काल इथून, आज तिथून. मी हात जोडायचो, "आत्या, एक जागा ठरव ना गं!" तुझं उत्तर एकच, "मी कशी ठरवू? गला ठरवतो." माझ्या सगळ्या शिकलेल्या पकडी एका जागच्या, त्या वर सरकतच नव्हत्या. शेवटी सरांनीच दोन बोटांची एक पकड दाखवली. ती दांड्यावर वर-खाली कुठेही नेता येते. मला वाटलं, सुटलो. पण तू पट्ट्या बघून थोडीच चढायचीस? तू दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी जाऊन बसायचीस, जिथे माझ्या गिटारला जागाच नव्हती. मग मी तार बोटाने आडवी रेटून तिला तुझ्यापर्यंत ढकलायला शिकलो. तिथे पोचेपर्यंत तू पुढे गेलेली. नाकीनऊ आणलेस. तालमीवरून घरी येताना माझा शर्ट पाठीला चिकटलेला असायचा आणि तू दारातून हसत असायचीस.

नंदाच्या हळदीला मांडवात बसायची वेळ आली. हळदीच्या जागी चपला चालत नाहीत, म्हणून आईने पाट दिला, त्यावर मांडी घालून बसलो. पायाखाली लाकूड आहे ना, हे दहा वेळा चाचपलं. मशीन घूं घूं करत होतं. तू नंदाच्या पायांशी बसलीस, उजव्या हातात आंब्याचं पान, आणि सुरुवात केलीस ती इतकी वरून, की सगळ्या तालमी पाण्यात. नंतर कळलं, नंदा सासरी जातेय म्हणून तुझा गळा भरून आला होता आणि खालचा सूर लागेना. मला तेव्हा काय माहीत? मी खाली शोधतोय, तू वर. पहिलं कडवं सगळं माझ्याविनाच गेलं. बायका वळून बघायला लागल्या. बँजोवाली पोरं मागे खुसखुसली. नंदाने मान खाली घातली होती. माझं बोट घामाने तारेवरून सटकत होतं, आणि आता उठून पळून जावं एवढंच मनात होतं.

तेव्हा तू डावा हात जमिनीपासून जरासा उचललास.

माझ्याकडे बघितलं नाहीस. तोंडाने गाणं चालूच, उजव्या हाताने हळद चालूच. पण डाव्या हाताचा तळवा तू अधांतरी धरलास, आणि तुझा सूर वर सरकायला लागला तसा तो तळवाही वर सरकायला लागला. लहान पोराला चालायला शिकवताना पुढे हात धरतात, तसा. मी त्या हाताकडे बघून बोट सरकवायला लागलो. दुसऱ्या कडव्याला अंदाज आला, तिसऱ्याला तुला गाठलं. गुडघे, खांदे. कधी मागे राहिलो, कधी घाईने पुढे गेलो, पण तळवा दिसत होता. तू नंदाच्या कपाळाला पान लावलंस तेव्हा माझा हात दांड्याच्या पार टोकाला, जिथे मी जन्मात कधी वाजवलं नव्हतं तिथे होता. शेवटची ओळ आपण एकत्र संपवली. धवला तुटला नाही.

तू कुणासाठी थांबायची नाहीस, कुणाला खूण करायची नाहीस. बायकांनी मागाहून मला सांगितलं की इतक्या वर्षांत तुझा हात असा कुणी बघितला नव्हता. तू पदराला हात पुसलेस आणि म्हणालीस, "आला नं वर?" आणि जेवायला गेलीस. आज सांगतो, आत्या, त्या एका हाताने माझं आयुष्यभराचं भलं केलं. नंतर कितीतरी ठिकाणी वाजवलं, ऑर्केस्ट्रातही वाजवलं, पण भीती वाटली की मी मनात तो तळवा बघतो.

पुढची वर्षं तर मी आत्याचा गिटारवाला म्हणूनच ओळखला गेलो. लग्न म्हटलं की तू आणि मी. मग रंजना लग्न होऊन तुझ्या घरात आली. तिला आणि आळीतल्या मुलींना धवले शिकायचे होते. तुला शिकवण्याचा कंटाळा. "ऐका आन बोला," एवढीच तुझी शिकवणी. तू बाजारात असायचीस तेव्हा मुली माझ्या घरी यायच्या. त्यांना ओळी पाठ होत्या, पण कुणाचा कुणाला मेळ नसायचा. मी गिटारवर सूर धरून ठेवायचो आणि त्या त्याला धरून गायच्या. चांगल्या तयार झाल्या. मला अभिमान वाटायचा. एकदा तू लवकर आलीस आणि दारात उभी राहून सगळं ऐकलंस.

"चांगल्या बोलतात पोरी," म्हणालीस. आणि थोड्या वेळाने, टोपली उचलताना, "पन जरा सोड रं त्यांना."

"सोडलं तर भरकटतील, आत्या. मग एकीचं तोंड पूर्वेला, एकीचं पश्चिमेला."

तू वाद घालशील असं मला वाटलं. मी तयारीत होतो. पण तू टोपली डोक्यावर ठेवून निघून गेलीस. आपलं भांडण तिथेच थांबलंय.

आता जे विचारायचंय ते विचारतो. शेवटच्या दोन-तीन वर्षांत तू कमी चढायला लागली होतीस. तुझ्या लक्षात आलं होतं का? मला बोटं फारशी सरकवावी लागायची नाहीत. शेवटी शेवटी तर एखाद्या पट्टीपुरतीच. लोक म्हणायचे, वाह, काय जमलीय तुमची जोडी. मला मात्र मनात धस्स व्हायचं. वय झालं म्हणून? दम पुरत नव्हता म्हणून? की इतकी वर्षं कानाशी माझी दाव्याला बांधलेली वाजत होती म्हणून? दवाखान्यात तुझ्या उशाशी बसलो तेव्हा हेच विचारायला आलो होतो. तू डोळे उघडून म्हणालीस, "हेमाचं कोन बोलंल?" मी म्हणालो, "रंजना." तू नुसतं "हं" केलंस आणि बराच वेळ पंख्याकडे बघत राहिलीस. विचारावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "पाणी देऊ?"

तू मान हलवून नको म्हणालीस. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. ते "हं" होकाराचं होतं की काळजीचं, ते मला अजून कळलेलं नाही.

उद्या कळेल. तोवर तारा बदलून ठेवतो.

*

हळद झाली, आत्या.

सगळं तुझ्या मनासारखं झालं. मांडव भरला होता. तुझ्यामागे पोरी कशा गातात ते बघायला कोपर गावाहून पाहुण्या आल्या होत्या. रंजनाने सुरू करण्याआधी तुझं नाव घेतलं आणि सगळ्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "भावोजी, सूर द्या."

तू कधी मागितला नव्हतास. मी तार एकदा तपासली. मग दिला.

पोरी छान गायल्या. एक शब्द चुकला नाही, एकीचा आवाज दुसरीवर चढला नाही. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. माझं बोट तयार होतं. आता सरकतील, आता सरकतील, म्हणून मी कान लावून बसलेलो. रंजनाने पायांवरून पान गुडघ्यांवर आणलं. सूर तिथेच. खांद्यांवर आणलं. तिथेच. माझ्या मनगटाला कळ लागली तरी मी हात ढिला सोडला नाही.

तेव्हा मनात आलं की आपणच सरकावं. त्या माझ्या सुराला धरूनच गातात, मी जरा वर गेलो तर त्याही मागून येतील. बोट जागेवरून उचललंही. आणि वाटलं, नाही आल्या तर? गोंधळल्या, एकमेकींकडे बघायला लागल्या, ओळ विस्कटली, तर? हेमा समोर मान खाली घालून बसली होती, तिच्या पायांवरची हळद अजून ओली होती. तिच्या नशिबाशी खेळायचा मला काय अधिकार? मी मांडवात इकडेतिकडे बघितलं, खरं सांगायचं तर एक हात शोधत होतो. सगळ्या बायका टाळ्यांचा ठेका धरत होत्या.

मी बोट परत खाली ठेवलं.

हळद कपाळापर्यंत गेली. धवला तुटला नाही. हेमाच्या आईने मला आहेर दिला, म्हणाली, कॅसेटसारखं झालं अगदी. रंजना धावत आली, घामाने भिजलेली, आणि विचारलं, "बरोबर बोललो नं आमी?" मी म्हणालो, अगदी बरोबर. तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. तिचं कुठेच काही चुकलं नव्हतं.

वर्षानुवर्षं मी तुझ्याकडे हेच मागत होतो. आज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माझी गिटार सुरात होती, आत्या. हात जागचा हललासुद्धा नाही.